हीटरची कॉइल

“शालन, हात घाल आत. वर न्हाई, डावीकडं. लागली का नळी?”

“लागली. दोन आहेत.”

“दोनच असत्यात. एकीतनं गरम पाणी आत येतं, दुसरीतनं परत इंजिनाकडं जातं. खालची धर आणि फिरव. ओढू नको, फिरव. बरणीचं झाकण फिरवतीस तशी.”

मी आमच्या जीपमध्ये उताणी पडले होते. डोकं डॅशबोर्डच्या खाली, पाय दाराबाहेर अंगणात, आणि पदर खोचलेला. हे बाहेर उकिडवे बसून मला शिकवत होते, कारण ह्यांचा पंजा त्या फटीत जात नव्हता. माझा जात होता. शेजारच्या बायका कंपाउंडवरून डोकावून बघत होत्या ते वेगळंच.

नळी फिरली आणि भसकन पाणी माझ्या मनगटावर आलं, कोपरापर्यंत ओघळलं. हिरवं, चिकट, गोडसर वासाचं.

“आई गं! अहो, रेडिएटर रिकामा केलाय म्हणालात ना?”

“केलाय की. कॉइलीतलं राहतंच थोडं. तोंड मीट.”

“मला तोंड मिटायला सांगायची बरी संधी साधलीत.”

हे मोठ्यानं हसले. चार महिन्यांत हे असे हसले नव्हते, म्हणून मी साडीवर सांडलेलं सोडून दिलं.

ही गोष्ट वाईतली, पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची. आमचे हे, दिनकर पिसाळ, रोज सकाळी गावातली अकरा मुलं जीपमध्ये घालून घाट चढायचे, त्यांना पाचगणीच्या एका शाळेत सोडायचे आणि दुपारी परत खाली आणायचे. अठरा वर्षं हेच काम. “अठरा वर्षांत गाडीला ओरखडा नाही,” हे वाक्य आमच्या घरात इतक्यांदा म्हटलं जायचं, की लेक सासरी गेल्यावर सुद्धा फोनवर आधी ते म्हणून दाखवायची आणि मग खुशाली विचारायची. मी माझ्या शिवणयंत्रापाशी बसून हे सगळं ऐकत असे. दुकान घराच्या पुढच्याच खोलीत आहे, आजही आहे.

त्या वर्षी चैत्रापासून ह्यांची एक तक्रार सुरू झाली. काचेवर धुकं चढतंय म्हणे. पुढच्या मोठ्या काचेवर. आधी वर्तमानपत्राचे बोळे करून काच पुसली. मग ओली तंबाखू चोळली, सगळे ड्रायव्हर चोळतात तशी. मग माझा शाम्पू संपवला. भाजीला आणलेला बटाटा कापून काचेवर घासला तेव्हा मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी दुसरा घासला तेव्हा बोलले. मग वायपर बदलले, दोनदा. शेवटी अख्खी काचच काढली आणि साताऱ्याच्या जुन्या बाजारातून दुसरी आणून बसवली. तिसऱ्या दिवशी घरी येऊन म्हणाले, “परत चढलंय.”

धुकं म्हणून घाटात गाडी हळू, आणि हळू म्हणून शाळेला उशीर. जुलैत चार वेळा प्रार्थना होऊन गेल्यावर मुलं पोचली. पालकांनी लिहून दिलं. शाळेच्या सरांनी ह्यांना बोलावून सांगितलं, की पंधरा ऑगस्टची सुट्टी संपली, की सोमवारपासून एकदा जरी उशीर झाला तरी मुलं दुसऱ्या गाडीला देऊ. त्या दिवशी हे जेवले नाहीत. “अठरा वर्षं गं,” एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

आणि त्याच आठवड्यात पुढच्या सीटखालची चटई ओली निघाली. हे ती चटई हातात घेऊन दुकानात आले, गिऱ्हाइकासमोर. “वास घे! वास घे ह्याचा! सापडला चोर!”

चोर म्हणजे हीटरची कॉइल. डॅशबोर्डच्या पोटात वहीएवढी एक जाळी असते. इंजिनातलं गरम पाणी तिच्यातून फिरतं, मागून पंखा वारा मारतो आणि तो गरम वारा काचेला लागून काच कोरडी राहते. जाळी फुटली, की तेच पाणी वाफ होऊन काचेवर चिकटतं. हे मला ह्यांनी त्या तीन दिवसांत इतक्यांदा समजावलंय, की आज मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन.

गॅरेजवाला म्हणाला होता, “कॉइलीचं सोडा काका, दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून टाकतो. हीटर कुणाला लागतोय?” हे त्याच्यावर भडकले. पावसाळ्यात, घाटात, अकरा पोरं घेऊन, आणि म्हणे हीटर कुणाला लागतोय! नवीन बसवायची तर पूर्ण डॅशबोर्ड उतरवावं लागतं, त्याला आठवडा पाहिजे होता. आठवडा कुणाकडे होता? पंधरा ऑगस्ट शुक्रवारी आला होता. झेंडावंदन करून मुलं दुपारी घरी पोचली, आणि ह्यांनी गाडी अंगणात घेऊन डिसमिस हातात घेतला. सोमवारी सकाळी साडेसहाला गाडी उभी राहिली पाहिजे होती.

डॅशबोर्ड उतरवणं म्हणजे काय प्रकार आहे हे मला माहीत नव्हतं. स्क्रू निघतच राहतात. मी माझी बटणांची पेटी रिकामी केली आणि एकेका कप्प्यात एकेका जागेचे स्क्रू ठेवत गेले. वायरी सुटायला लागल्या तेव्हा हे घाबरले. म्हणाले, “परत कुठली कुठं लावायची, लक्षात राहणार न्हाई.” त्याला मी धावदोऱ्याचा उपाय काढला. जिथून वायर सुटली तिथं आणि त्या वायरीला, दोन्हीकडे एकाच रंगाचा दोरा बांधायचा. लाल दोऱ्याची वायर लाल दोऱ्याच्या तोंडाला. ब्लाउजचे तुकडे हरवू नयेत म्हणून मी नेहमी करते तेच.

“डोकं हाय तुला,” हे म्हणाले.

“एवढ्या वर्षांनी कळलं का?”

“ही वायर घे. पांढरी.”

“पांढरी कुठली? पिवळी धमक आहे.”

“हां, तेच. पिवळी.”

थोड्या वेळानं निळीला काळी म्हणाले. डॅशबोर्डच्या आत अंधार असतो, म्हणून मी टॉर्च जवळ नेला आणि पुढं गेले. मी तरी काय करणार? मला सोमवार दिसत होता. ह्यांचं ते काम गेलं असतं तर ह्या माणसाचं घरात काय झालं असतं, ह्याची मला खरंच भीती वाटत होती. हे दुसरं काही करू शकणारे नव्हते. रविवारी घरी बसले तरी दुपारपर्यंत ह्यांना गाडीभोवती दोन फेऱ्या माराव्या लागायच्या.

शनिवारी सकाळी इस्माईल मुजावर आला. तोही घाटातलाच ड्रायव्हर, ह्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. त्याची गाडी त्याच शाळेला दुसऱ्या आळीतली मुलं न्यायची. साताऱ्याहून आमची कॉइल तो घेऊन आला होता, पोत्यात गुंडाळून.

“ही घ्या दादा. दुकानदार म्हणाला, नवीच समजा.”

ह्यांनी कॉइल हातात घेतली आणि बोटांनी तिच्या कडा चाचपल्या, दोन्ही तोंडं चाचपली. एका तोंडाला फुंकर मारली, दुसऱ्यावर तळवा धरला. “बरी हाय,” म्हणाले. जुनीला कोपऱ्यात चांगली केसाएवढी चीर पडली होती, तीही ह्यांनी नखानं शोधून दाखवली. इस्माईल बघत होता.

मी चहा आणला. इस्माईल कप घेऊन गाडीच्या पुढं उभा राहिला.

“काच तर आरशासारखी दिसतीय, दादा.”

“आता दिसंल. गाडी बंद हाय ना. इंजिन तापलं की चढतं.”

“रोजच चढतं का?”

“रोज. कधी जास्त, कधी कमी. दुपारी ऊन असलं की जास्तच, लई चकाकतं.”

“उन्हात जास्त?”

“मग काय सांगतोय! आता कॉइल बदलली की मिटलं.”

इस्माईलनं चहा संपवला. मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले तेव्हा तो घुटमळला.

“वहिनी, इतक्यात तुम्ही दादांबरोबर गाडीत कुठं गेला होता का?”

“मी कुठं जाणार? मला मशीन सोडून हलता येत नाही. का रे?”

“काही नाही. सहज.”

“सहज कोण असं विचारतं? गाडीत काही आहे का?”

“गाडीत काही नाही वहिनी,” तो म्हणाला आणि गाडीत बसून निघून गेला. मला राग आला. पुरुषांना अर्धं बोलायची फार हौस असते.

शनिवारचा उरलेला दिवस आणि रविवारची दुपार आम्ही गाडीत काढली. नवी कॉइल आत बसवताना तिच्या भोवती स्पंजाची पट्टी लावावी लागते, नाहीतर खडखडते. स्पंज मिळेना, तेव्हा मी खांद्याला घालायचं पॅडिंग कापून चिकटवलं. नळ्यांच्या क्लिपा आवळल्या, त्याही मीच. हे बाहेरून हात लांब करून प्रत्येक क्लिप चाचपून बघायचे. “अजून अर्धा फेरा,” म्हणायचे, आणि खरंच अर्धा फेरा शिल्लक असायचा. लाल दोरा लाल दोऱ्याला, हिरवा हिरव्याला. डॅशबोर्ड परत बसलं. बटणांच्या पेटीत एकही स्क्रू उरला नाही. ह्याचा मला इतका आनंद झाला, की मी शेजारच्या बायकांना पेटी उलटी करून दाखवली.

मग कूलंट भरलं, गाडी चालू केली. दहा मिनिटांनी ह्यांनी पंखा लावला आणि माझा हात धरून काचेखालच्या फटीसमोर नेला. चुलीपुढं हात धरल्यासारखी ऊब आली. खाली चटई कोरडी. कुठं ठिपका नाही.

“झालं!” हे म्हणाले. ह्यांचे डोळे भरून आले होते. “शालन, झालं गं! बस गाडीत, घाटात जाऊन येऊ.”

“अशी? ह्या साडीत?”

“तुझ्या साडीला कोण बघतंय तितं? माकडं?”

चार वाजले होते. सकाळभर पाऊस झाला होता आणि मग ऑगस्टात कधी तरी पडतं तसं लखलखीत ऊन पडलं होतं. सगळा डोंगर धुतल्यासारखा. मी कितीतरी वर्षांनी त्या गाडीत पुढं बसले होते. पहिली तीन-चार वळणं ह्यांनी अशी घेतली, की मला माझ्या नवऱ्याचं कौतुक वाटलं. वळण यायच्या आधीच हात फिरायचा. हे गुणगुणतही होते.

पाचव्या वळणानंतर ऊन समोर आलं. हे पुढं झुकले. छाती स्टिअरिंगला टेकली. मग एका हातानं फडकं घेऊन आतून काच पुसली. मग परत पुसली.

“काय झालं?”

“चढलंच की गं परत.”

“काय चढलं?”

“धुकं. कॉइल नवी, क्लिपा घट्ट, तरी कसं चढतंय? हीटर वाढव.”

मी हीटर वाढवला. काचेकडे बघितलं. समोर रस्ता होता. रस्त्याच्या कडेला दगडावर एक माकडीण पिलाला घेऊन बसली होती, ती पिलाच्या डोक्यातून काय काढून खातेय तेवढं सोडून मला सगळं दिसत होतं. मी काचेला हात लावला. कोरडी होती.

“अहो, कुठं आहे धुकं?”

“अगं ही काय, समोर!” म्हणत ह्यांनी वायपर लावला. कोरड्या काचेवर वायपर कर्र कर्र करत फिरायला लागला.

मला अजून नीट काही कळलं नव्हतं. त्याच वेळी पुढच्या वळणावर खडीचा ढीग दिसला. रस्त्याच्या कामाची खडी, कुणीतरी शनिवारीच ओतलेली असणार, अर्धा रस्ता अडवून. मला वाटलं, हे आता गाडी बाजूला घेतील. हे घेईनात. हे सरळ त्या ढिगाकडे चालले होते, तेही गुणगुणत नव्हे, डोळे फाडून समोर बघत.

“अहो थांबा! थांबा! थांबा!”

ह्यांनी ब्रेक दाबला. माझं कपाळ नुकत्याच बसवलेल्या डॅशबोर्डवर आपटलं. गाडी ढिगापासून हातभर अंतरावर उभी राहिली. वायपर चालूच होता.

“ही खडी कुणी टाकली हितं?” ह्यांचा आवाज बारीक झाला होता. “शुक्रवारी नव्हती.”

“तुम्हाला दिसली नाही?”

“काचेवर...”

“अहो, काच स्वच्छ आहे.”

“तुला कळत न्हाई त्यातलं.”

“मला क्लिपा कळत नसतील, काच कळते. मला ढीग दिसला, त्याच्यावर टोचून ठेवलेली फांदी दिसली, तिला बांधलेलं लाल फडकं दिसलं. काच स्वच्छ आहे.”

ह्यांनी वायपर थांबवला. गाडी बंद केली, हँडब्रेक ओढला आणि खाली उतरले. गाडीच्या पुढं जाऊन दरीकडे तोंड करून उभे राहिले. मीही उतरून शेजारी गेले. आता मध्ये काच नव्हतीच.

“शालन, धोमच्या धरणाचं पाणी दिसतंय का?”

“दिसतंय.”

“भरलंय?”

“काठोकाठ.”

ह्यांनी हातातल्या फडक्यानं डोळे पुसले. रडत नव्हते. काच पुसायचे तसेच पुसले, आधी उजवा, मग डावा, आणि परत बघितलं.

“बाहेर पण हायच की गं,” हे म्हणाले.

मला तेव्हा काय वाटलं ते सांगते. आधी अकरा पोरं डोळ्यांपुढं आली, त्यांची दप्तरं, त्यांचे मोजे. मग लाज वाटली. माझ्या दुकानात येणारी एखादी बाई सुई हात लांब करून ओवायला लागली, की मी तिला पहिलं सांगते, बाई गं, डोळे दाखवून घे. आणि घरात माणूस चार महिने काच पुसतोय, तर मी बटाट्यावरून भांडले. ह्यांचं मला नवल वाटलं नाही. ह्यांच्या जन्मात जे काही बिघडलं ते गाडीचं बिघडलं, आणि ते पान्यानं दुरुस्त झालं. बिघाड आपल्यात असेल हे ह्यांच्या डोक्यात येणारच नव्हतं. बरं, कॉइल खरंच फुटली होती, हाही मेला एक योग.

“इस्माईलला फोन लाव,” हे म्हणाले. “मी गाडी खाली नेणार न्हाई.”

इस्माईल अर्ध्या तासात कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून आला. काही विचारलं नाही. ह्यांच्या हातातून किल्ली घेतली आणि गाडी वळवली. हे मागच्या बाकावर बसले, डोळे मिटून. मी पुढं.

“तुला माहीत होतं,” मी हळूच म्हटलं.

त्यानं गिअर बदलला.

“इस्माईल, तुला माहीत होतं का नाही?”

“संशय होता वहिनी. दीड महिना झाला, सकाळी मी दादांच्या पुढं गाडी ठेवतो. मागचे लाल दिवे लावून. ते दिव्यांच्या मागं येतात.”

“आणि सांगितलं नाहीस? अकरा पोरं आहेत रे!”

“दोनदा तोंडाशी आलं. अठरा वर्षं ओरखडा नाही असल्या माणसाला मी काय सांगू, की तुम्हाला दिसत नाही?” त्याला घाम फुटला होता. “चुकलं माझं.”

“चुकलंच,” मी म्हटलं. त्यानंतर बरेच दिवस मी त्याच्याशी सरळ बोलले नाही. पण सोमवारी सकाळी साडेसहाला आमची मुलं त्यानंच नेली. दोन खेपा करायचा, आधी आमची, मग आपली.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं आणि ह्यांनाच रागावले. “मोतीबिंदू पिकलाय अगदी. दोन-अडीच वर्षांचा तरी आहे. इतके दिवस करत काय होता?”

“काच पुसत होतो,” हे म्हणाले. डॉक्टरांना वाटलं, पेशंट चेष्टा करतोय.

एक डोळा सप्टेंबरात झाला, दुसरा दिवाळीच्या आधी. पट्टी काढली त्या दिवशी हे माझ्याकडे किती तरी वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “केस एवढे पांढरे कधी झाले गं?” मी म्हटलं, “तुमची काच धुरकट होती तेच बरं होतं.” घरात सगळ्या वस्तू नव्यानं बघत हिंडले. पडदा निळा आहे हे ह्यांना माहीत नव्हतं. डॉक्टरांनी लिहून दिलं, नजर उत्तम, वाहन चालवण्यास हरकत नाही. तो कागद घेऊन हे शाळेत गेले. सरांनी चहा पाजला आणि म्हणाले, दिवाळीची सुट्टी संपली, की मुलं परत तुमच्या गाडीत. माझा जीव भांड्यात पडला. घरी आल्यावर ह्यांनी गाडी धुतली, हार घातला.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी इस्माईल सकाळीच आला. “चला दादा, एक चक्कर मारून येऊ. तुम्ही चालवा, मी नुसता बसतो. वहिनी, तुम्ही पण चला.” मी कुरकुरत का होईना, मागं बसले.

हे झकास चालवत होते. पाठ सीटला टेकलेली, एक हात खिडकीत. समोरून येणारी गाडी लांबून ओळखायचे, “हा बघ भोसल्यांचा टेंपो,” म्हणायचे. रस्त्यावरचा खड्डा चुकवला, पाटी वाचून दाखवली. इस्माईल मागं वळून माझ्याकडे बघून हसला. मीही हसले, पहिल्यांदाच.

अर्धा घाट चढलो असू. एका उजव्या वळणावर ह्यांनी गाडी एकदम हळू केली आणि डोंगराच्या बाजूला घेऊन उभी केली. उतरले. रस्ता ओलांडून दरीच्या कडेला गेले. आम्हीही गेलो.

“हितला कठडा कुठं गेला?”

इस्माईल म्हणाला, “हा? हा दरडीत गेला की दादा. वरनं मोठा दगड आला, कठडा घेऊन खाली गेला. आता चुना फासलेले धोंडे मांडलेत तेवढेच.”

“कधी?”

“गेल्याच्या गेल्या पावसात.”

“म्हंजे दोन वर्षं झाली.”

“व्हय, दोन झाली.”

हे कडेपर्यंत गेले. मी ह्यांचा शर्ट मागून धरला. खाली झाड नव्हतं. नुसता कातळ, आणि पार तळाला शेतं.

“मला हितं कठडा दिसायचा,” हे म्हणाले.

मी ह्यांना शर्टाला धरून एक पाऊल मागं ओढलं.

“रोज दिसायचा, इस्माईल. पंधरा ऑगस्टला पण दिसला. दगडी, वर पांढरा पट्टा. मी त्याच्या हिशोबानं वळण घ्यायचो.”

“दादा, झालं गेलं. आता दिसतंय ना सगळं? चला.”

हे परत आले, पण पुढं बसले नाहीत. मागचं दार उघडून मुलांच्या बाकावर बसले आणि किल्ली इस्माईलपुढं धरली.

“चालव.”

“दादा, असं काय करता? उद्यापासून मुलं तुमची. डॉक्टरांचा कागद आहे.”

“कागद हाय. नजर पण हाय. म्हणूनच न्हाई म्हणतोय.”

इस्माईल माझ्याकडे बघायला लागला. मी ह्यांच्या शेजारी जाऊन बसले. किल्ली त्याच्या हातात गेली ती परत आली नाही, हे मी आधीच सांगून टाकते.

गाडी खाली उतरायला लागली तसं हे एकेका जागेवर हात ठेवून इस्माईलला सांगायला लागले. आता कायमची तुलाच न्यायचीत, ठाऊक असलं तरी परत नीट ऐक. इथं जमदाडेंचा ओंकार, त्याला गाडी लागते, लिंबू जवळ ठेवायचं. इथं गाढव्यांच्या दोघी, त्यांना वेगळं बसवायचं नाही, रडतात. इस्माईल हूं हूं करत होता. शेवटी हात खिडकीपाशी आला.

“आणि हितं बागवानांची सना. दरीच्या बाजूला. ती दुसरीकडं बसत न्हाई.”

“बरं.”

“त्या वळणावर आलं की रोज म्हणायची, काका, खाली केवढं दिसतंय, मला भ्या वाटतं.” हात तसाच ठेवून हे म्हणाले, “आणि मी तिला रोज सांगायचो, भिऊ नको बाळ, कठडा हाय.”